फुले, निळू

फुले, निळू : (सु. १९३० – १३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील ख्यातनाम चरित्र अभिनेते. ग्रामीण सत्ताधारी खलनायकाच्या भूमिकांमुळे विशेष प्रसिद्ध. पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. तरुणपणी ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेच्या कलापथकात त्यांची अभिनयाची जडणघडण झाली. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेले अण्णाच्या भूमिकेने त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला.

फुले यांचा खलनायक सरसकट ‘पाटील’ म्हणून ओळखला जात असला, तरी हा पाटील नेमका कोणता, याविषयी दोन मते संभवतात. तमाशापटांच्या परंपरेतला रंगेल, वतनदार पाटील हाच त्याचा मूळ पुरुष होय, असे एक मत आहे. पोशाख, वाडा आणि स्त्रीलंपटपणा हे तपशील त्याला दुजोरा देतात. तथापि महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, त्याच सुमारास पाटीलकीची वतने (वंशपरंपरागत हक्क) कायद्याने संपुष्टात आली आणि सहकारी साखर कारखान्यांभोवती नवे पुढारीपण उभे राहिले, हे ध्यानात घेता फुले यांनी रंगविलेला माणूस वतनापेक्षा निवडणुकीवर आणि संस्थेच्या खुर्चीवर पोसलेला दिसतो. निदान ‘सामना’ या चित्रपटापुरते तरी हे दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट एका भणंग मास्तराला (श्रीराम लागू) आपल्या आश्रयाला आणतो आणि मारुती कांबळे या बेपत्ता माणसाविषयी मास्तर विचारू लागलेल्या प्रश्नांपुढे हळूहळू खचत जातो. चित्रपटाचे वर्ष कोठे १९७४, तर कोठे १९७५ असे दिले जाते. तो १९७४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला व १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला, ही या फरकाची संभाव्य कारणे होत.

त्यांच्या खलनायकीत अंगबळाला फारसे स्थान नव्हते. किंचित घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज, शब्द लांबवून मध्येच घेतलेला विराम, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांची तिरकी नजर आणि आपली आज्ञा मोडली जाणारच नाही असा निवांतपणा यांतून ते धाक निर्माण करीत. वगनाट्यात (तमाशाच्या धर्तीच्या लोकनाट्यात) बतावणीच्या, म्हणजे विनोदी संवादांच्या, वेळी नटाला संहितेबाहेर जाऊन प्रेक्षकाला खेळवावे लागते. ही विराम तोलण्याची हातोटी त्यांना तेथूनच लाभली असावी. ‘बाई, वाड्यावर या’ हे त्यांच्या नावावर चिकटलेले वाक्य मात्र चित्रपटांपेक्षा नकलाकारांनी अधिक रूढ केले, आणि त्या नकलेत मूळ अभिनयातला संयम बहुधा उरत नाही.

रंगभूमीवर तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकातील नायकाची भूमिका त्यांनी केली. टाकून दिलेल्या स्त्रियांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा छापखान्यातला कामगार रूढ अर्थाने खलनायक नव्हे. नाटकावर आक्षेप घेतले गेले व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेथे निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात पत्रकार दिगू टिपणीस या साक्षीदाराच्या भूमिकेत ते सत्तेच्या पलीकडच्या बाजूस उभे राहिले. अखेरीस दिगूला लागणारे वेडसर हसू हा त्यांच्या पडद्यावरील कामाचा कळस मानावयास हरकत नाही. हिंदीत त्यांनी तुलनेने थोडे काम केले. त्यांपैकी ‘सारांश’मधील (१९८४) गजानन चित्रे हा भ्रष्ट पुढारी त्यांच्या मराठी खलनायकाचा शहरी भाऊबंद म्हणता येईल.

प्रत्यक्ष जीवनात ते समाजवादी विचारांचे व अंधश्रद्धा निर्मूलनाचे पुरस्कर्ते होते. सामाजिक कार्यकर्त्यांना साहाय्य करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू प्रभृती कलावंतांसह त्यांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग केले. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुणे येथे त्यांचे निधन झाले.