टक्केवारीत न सापडणारी लबाडी

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात झालेल्या १६२० बाळंतपणांच्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी अभ्यासल्या आहेत. बाळ जन्मल्यावर लगेच निम्म्या बायकांना रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. कोणाला काय मिळाले ते ना बाळंतिणीला ठाऊक, ना गोळ्या देणाऱ्या एएनएम, म्हणजे गावात बाळंतपणे करणाऱ्या सिस्टरना. रक्त किती गेले हे नजरेने ठरवायचे नव्हते. बाळंतिणीखाली पसरलेल्या, मापाच्या रेघा आखलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते जमवून मोजायचे होते. बिनऔषधी गोळ्या घेतलेल्या बायकांपैकी १२ टक्के जणींचे ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले, औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के जणींचे. हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

डॉक्टर जवळ नसताना बाळंत होणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्या मुळाशी काय होते? रात्री-बेरात्री कुणा सिस्टरने कागदावर प्रामाणिकपणे उतरवलेला आकडा. संशोधनातले गैरवर्तन म्हणजे नेमके काय, हे समजायलाही असा एकच आकडा पुरतो.

समजा, दुसऱ्याच कुठल्याशा अभ्यासात पिशवी वापरलीच नाही आणि सकाळी तक्त्यात २२० लिहून टाकले. ही बनावट. समजा, पिशवीत ५१० भरले, पण औषधाचा निकाल बिघडू नये म्हणून ४९० लिहिले. हा फेरफार. फरक वीसच मिलिलिटरचा, पण तेवढ्याने एक बाई ‘रक्तस्राव झाला’ या रकान्यातून उचलून ‘झाला नाही’ या रकान्यात ठेवली गेली. आणि समजा, लाइट गेली होती, बॅटरीच्या उजेडात रेघ चुकीची वाचली. ही चूक. आकडा तिन्ही वेळा खोटाच, पण तिसऱ्या वेळी गैरवर्तन नाही.

अमेरिकेच्या सरकारने २००० साली केलेली व्याख्या याच भेदावर उभी आहे. बनावट, फेरफार आणि दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणे (वाङ्मयचौर्य), हे तीन प्रकार गैरवर्तनात मोडतात. प्रामाणिक चूक आणि मतभेद मोडत नाहीत. हे कृत्य जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केले होते, हे पुराव्याने दाखवावे लागते. त्यातला ‘बेफिकिरी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्याचे मूळ तक्ते एकदाही उघडून न बघता लेखावर स्वतःचे नाव घालणाऱ्या गाईडला ‘मला काही कल्पनाच नव्हती’ एवढे म्हणून सुटता येऊ नये.

खोट्या आकड्याने किती नुकसान होते, याचे उदाहरणही रक्तस्रावाच्याच उपचारातले आहे. रक्त गेलेल्या रुग्णाला शिरेतून देण्यासाठी स्टार्चपासून केलेली द्रावणे वापरत. जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे कितीतरी लेख ही द्रावणे सुरक्षित असल्याचे सांगत होते. २०१० साली त्यांच्या एका अभ्यासाची चौकशी झाली, बनावट उघड झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे जवळपास ९० लेख मागे घ्यावे लागले, त्यातले बहुतेक नैतिक समितीची मंजुरी न घेतल्यामुळे. २०१३ साली संशोधकांनी या द्रावणांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. बोल्ट यांचे सात अभ्यास बाजूला काढले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अत्यवस्थ रुग्णांत या द्रावणांमुळे मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढत होता. ज्यांना ती द्रावणे टोचली गेली त्या रुग्णांना यातले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून मला या गुन्ह्याला ‘कागदोपत्री’ म्हणवत नाही.

अशी लबाडी पकडता येते, कारण खऱ्या मोजमापाला एक ओबडधोबडपणा असतो. चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांत सरासरी वय, वजन थोडेफार वेगळे निघतेच. आकडे मनाने रचणारा माणूस दोन्ही गट गरजेपेक्षा जास्त सारखे करून ठेवतो. योशिताका फुजी या जपानी भूलतज्ज्ञाचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके सुबक आहेत, असे पत्र जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००० सालीच एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. कोणी हलले नाही. २०१२ साली ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी गणिताने दाखवून दिले की असे आकडे निव्वळ योगायोगाने जुळून येणे जवळजवळ अशक्य आहे. त्याच वर्षी जपानच्या चौकशीत १७२ लेख बनावट ठरले. मधली बारा वर्षे वाया गेली.

आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना यातली एकच चाळणी माहीत असते, ‘सिमिलॅरिटी किती आली?’, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर आधी छापलेल्या लेखनाशी जुळतो असे सॉफ्टवेअरने दाखवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६०च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वपरिचित किंवा योगायोगाने जुळलेले शब्द धरले जात नाहीत. हे नियम हवेतच. पण ते चौर्यापुरते आहेत. मनाने रचलेल्या तक्त्याची सिमिलॅरिटी शून्य येते, कारण तो तक्ता जगात दुसरीकडे कुठेच नसतो.

सीमाभागात तर चौर्याचाही एक प्रकार या चाळणीतून सहज निसटतो. सौंदत्तीच्या यल्लम्मावर किंवा शरणांच्या वचनांवर मराठीत प्रबंध लिहायचा तर कन्नडमधले साहित्य वाचावेच लागते, आणि आपली मुले ते वाचू शकतात ही त्यांची मोठी ताकद आहे. पण कन्नड प्रबंधातले अख्खे प्रकरण मराठीत उतरवून मूळ अभ्यासकाचे नावही घेतले नाही, तर शब्द जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काही लागत नाही. मराठीतून कन्नडात नेले तरी तेच. भाषा बदलली म्हणून कल्पना आपली होत नाही, आणि आयोगाच्या व्याख्येत कामाबरोबर कल्पनेचाही उल्लेख आहे.

तक्रार कुठे करायची? नियमाप्रमाणे आधी विभागाची समिती आणि तिने ४५ दिवसांत दिलेल्या अहवालावर संस्थेची समिती. विभागाच्या समितीचा अध्यक्ष विभागप्रमुख असतो. बऱ्याचदा तोच तक्रारदाराचा किंवा आरोपीचा गाईड असतो, आणि व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, त्याच्याच हातात. पोरे गप्प बसतात ती यामुळे. त्या समितीत विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अभ्यासक असावा अशी तरतूद आहे. नाव नुसते कागदावर न ठेवता त्याला खरोखर बोलावले, तर तक्रारदाराला थोडा धीर येईल.

राणी चन्नम्मा विद्यापीठात कन्नड आणि मराठी हे दोन्ही विभाग आहेत. दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारे प्राध्यापक बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कॉलेजांतही भेटतात. मराठी प्रबंधाच्या परीक्षकांत कन्नड वाचणारा एक आणि कन्नड प्रबंधाच्या परीक्षकांत मराठी वाचणारा एक नेमावा. व्हायवाच्या दिवशी विद्यार्थ्याने मूळ वह्या, भरलेले फॉर्म आणि मुलाखतींचे रेकॉर्डिंग टेबलावर ठेवावे, आणि परीक्षकांनी त्यातली कुठलीही चार पाने काढून प्रबंधातल्या तक्त्याशी ताडून बघावीत. या कामाला फार तर अर्धा तास लागेल.