उलटा आटा की सुलटा? जुन्या जीपचा स्टड तुटण्याआधी

पांढरकवड्याच्या रस्त्यावर आमची जुनी विलीस जीप पंक्चर झाली. क्लीनर साइडचं, म्हणजे डावं चाक. नट हलेना म्हणून मी पान्यावर उभा राहिलो. कट्ट! नट तसाच स्टड (नट ज्यावर बसतो तो, पेचाच्या खाचा म्हणजे आटे असलेला दांडा) घेऊन मातीत. बाजूला बैल थांबवून पाहणारे काका म्हणाले, "काहून कसून राह्यला बापू? तो उलट्या आट्याचा हाये!"

सोडवतोय असं समजून मी आवळत होतो.

सुलटा आटा आपल्या सवयीचा: उजवीकडे फिरवला की आवळतो. उलट्याचं नेमकं विरुद्ध. जुन्या विलीस जीपला उजव्या चाकांना सुलटे आणि डाव्यांना उलटे स्टड असत. बाहेरून पाहिलं तर डावं चाक पुढे जाताना घड्याळाच्या उलट फिरतं. जरा ढिला पडलेला नट छिद्राच्या फटीत घासत त्याच दिशेनं सरकतो. सुलटा असेल तर तो सुटत जाईल, उलटा असेल तर आवळत जाईल. म्हणून ही उठाठेव.

ओळखायचं कसं? स्टडच्या टोकावर 'एल' असेल तर उलटा. गंजानं अक्षर गेलं असेल तर नटाबाहेरचे आटे घासून बघा. स्टड उभा धरलाय असं समजा: आटे उजवीकडे चढत गेले तर सुलटा, डावीकडे चढले तर उलटा. बाजूवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. इतक्या वर्षांत कुणी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदलला असेल, तर डावीकडेही सुलटे निघतात.

तुटलेल्या स्टडला वेल्डिंगनं तुकडा जोडून देणारे महाभाग गावोगावी आहेत. त्यांना चहा पाजा, काम देऊ नका. स्टड नवाच बसवायचा. तोही नुसता घण मारून काढू नये. कित्येक जुन्या जीपमध्ये ब्रेकचा ड्रम आणि हब स्टडच्या फुगवलेल्या कडेनंच जखडलेले असतात. ती कड आधी कापायची, मग प्रेसवर स्टड मागे ढकलायचा. नवा स्टड मागून, त्याच्या बुडाचे दाते नीट बसवून, सरळ दाबायचा.

दुकानात "अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांचा" एवढंच सांगाल तर सुलटाच हातात पडेल. उलटा हवा हे सांगा, नटही त्याच आट्याचा घ्या. बोटांनी तीन-चार फेरे सहज गेला तरच पाना लावा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा, आणि उलट्या आट्याशी आलात की हात उलटा फिरवायचा.