आवडता लेखक कुठल्या कपाटात? : पार्श्वभूमी

रहस्यकथा कोणाच्या, भयकथा कोणाच्या, विज्ञानकथा कोणाच्या, असं मुंबईतल्या मराठी वाचकाला विचारलं की तो पुस्तकाऐवजी आडनाव सांगतो. अर्णाळकर म्हणजे रहस्य, धारप म्हणजे भय, नारळीकर म्हणजे विज्ञान. ही सवय पुस्तकांच्या दुकानांतून आलेली नाही. ती आली लायब्रऱ्यांतून, आणि लायब्ररीतलं पुस्तक कुठे ठेवायचं या प्रश्नाचा तिच्याशी वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे.

स्वातंत्र्याआधीचा तपशील इथे फारसा लागत नाही. मुंबईच्या एका मासिकाने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि कथाकाराचं नाव घरोघरी पोचवणारं साधन तयार झालं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खरी उलाढाल स्वातंत्र्यानंतरची. गिरगाव, दादर, लालबाग-परळ या भागांत दोन प्रकारच्या लायब्रऱ्या शेजारीशेजारी चालत. एक संस्थेची: मासिक वर्गणी, अनामत, देवघेवीची ठरलेली वेळ, प्रत्येक पुस्तकाला मिळणाऱ्या दाखल क्रमांकाची वही. दुसरी खासगी: एका गाळ्यात किंवा जिन्याखाली, पुस्तक रोजाच्या भाड्याने. रोजाच्या भाड्याने पुस्तक घेणारा ते लवकर संपवून परत करतो, म्हणून तिथे शे-सव्वाशे पानांच्या पुस्तकाला मागणी. सोळा पानांचा फर्मा (छपाईचा एक घडी घातलेला कागद) धरला तर सात-आठ फर्म्यांत रहस्यकथा संपते आणि एका बैठकीत वाचून होते. लेखकांनीही लांबी तीच धरली. अर्णाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तकं आहेत, तो आकडा या मापाशिवाय कळत नाही.

पुस्तकं लेखकानुसार लावायची की प्रकारानुसार, हा वादाचा मुद्दा पुढे आला तो संस्थांच्या लायब्रऱ्यांत. 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर शासकीय अनुदान घ्यायचं तर नोंदी, वर्गवारी, तपासणी हे सगळं आलं. पुस्तकांचं शास्त्रीय वर्गीकरण हवं, तर ते कोणतं? ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक विषयाला अंक देणाऱ्या पद्धतीत, मराठी साहित्याचा अंक 891.46 आणि मराठी कथा-कादंबरीचा 891.463. एका लेखकाच्या कादंबरीला प्रकाराचा वेगळा अंक मिळतच नाही. तो देता येतो अनेक लेखकांच्या संग्रहाला किंवा त्या प्रकारावरच्या समीक्षेला. म्हणजे ऐतिहासिक, कौटुंबिक, रहस्य, भय सगळं एकाच अंकाखाली आणि आत लेखकाच्या आडनावाने लावलेलं. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत तर लेखकाची ओळख त्याच्या जन्मवर्षावरून ठरते. टोपणनावाने लिहिणाऱ्या आणि जन्मवर्ष कुठेच न छापणाऱ्या लेखकापाशी ती पद्धत अडते.

ग्रंथपालांना ही मांडणी सोयीची होती. लेखक एक, जागा एक. परत आलेलं पुस्तक लावायला वेळ लागत नाही आणि वार्षिक मोजणीत गोंधळ होत नाही. वाचकाची मात्र पंचाईत. ज्याला लेखक माहीत नाही पण भयकथाच हवी, त्याने कादंबऱ्यांच्या दहा कपाटांपुढे काय करायचं? खासगी लायब्ररीवाल्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: रहस्याचं कपाट दाराजवळ, सामाजिक कादंबऱ्या मागे. शास्त्र नव्हतं, पण पुस्तक सापडत होतं. संस्थांनी जेव्हा जेव्हा प्रकारानुसार कपाटं करायचा प्रयत्न केला तेव्हा दोन आक्षेप आले. एक, ‘रहस्य’ असा फलक लावला की त्या कपाटातला लेखक साहित्यिक म्हणून मोजलाच जात नाही. दुसरा, एकच लेखक दोन कपाटांत विभागला जातो.

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि सुहास शिरवळकर हे त्याचं उत्तम उदाहरण. दारा बुलंद, अमर विश्वास या त्यांच्या नायकांच्या कथा रहस्याच्या कपाटात, तर ‘दुनियादारी’ सामाजिक कादंबऱ्यांत. 2013 मध्ये या कादंबरीवर चित्रपट आला, तिला नवे वाचक मिळाले आणि ते लेखकाचं दुसरं काही मागू लागले. सामाजिक कादंबऱ्यांच्या कपाटाशी शोधणाऱ्याला त्यांचं रहस्याच्या कपाटातलं लेखन दिसणारच नाही. धारपांचंही तसंच: भयकथाकार म्हणून ठसा इतका पक्का की त्यांच्या विज्ञानकथा भयाच्या फळीवरच राहतात.

पहिला आक्षेप मात्र ओढूनताणून आणलेला वाटतो. फलक नसतानाही त्या लेखकांना साहित्यात मोजलं जात नव्हतंच. नारळीकरांची गोष्ट इथे आठवावी. मुंबईच्या एका विज्ञानप्रसारक संस्थेच्या कथास्पर्धेत 1974 मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. मोठं नाव बाजूला ठेवूनही कथा टिकली. 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा मधे सत्तेचाळीस वर्षं गेली होती.

मधला व्यवहार्य उपाय म्हणजे कण्यावर रंगीत पट्टी. मांडणी लेखकानुसारच, पण रहस्याला लाल, भयाला काळी, विज्ञानाला निळी अशी अर्ध्या इंचाची चिकटपट्टी, दाखल क्रमांकाच्या वर. लेखक फुटत नाही आणि प्रकार लांबून दिसतो. अडचण दोन ठिकाणी येते. पट्टी क्रमांकाच्या खाली लावली तर हाताळून आधी तीच निघते. आणि एका पुस्तकाला दोन पट्ट्या द्यायला परवानगी दिली की वर्षभरात निम्म्या कपाटाला दोन पट्ट्या लागतात. एक पुस्तक, एक रंग, आणि तो ठरवणारी व्यक्तीही एकच, एवढं पाळलं तर पद्धत चालते.

या सगळ्याचा परिणाम आज याद्या करणाऱ्यांना भोगावा लागतो. वाचक लेखकाआधी नायक आठवतो: झुंजार, काळापहाड, दारा बुलंद. सूचीत नायकाची नोंद नसते आणि शीर्षकात त्याचं नाव असेलच असं नाही. शिवाय ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली, तारेने टाचलेली. कागदातल्या आम्लाने पानं पिवळी पडून ठिसूळ होतात, तार गंजते आणि पहिलं-शेवटचं पान आधी सुटतं. प्रकाशनवर्ष असतं नेमकं मुखपृष्ठाच्या आतल्या पहिल्या पानांवर. बांधणीवाल्याने दोन बारीक पुस्तकं एका पुठ्ठ्यात शिवली तर नोंद होते पहिल्याची. दुसरं पुस्तक असूनही सापडत नाही. म्हणून जुन्या रहस्यकथेचं साल कोणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी शीर्षकपानाचा फोटो मागावा.

1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला, पुढे गिरगाव-दादरची मराठी कुटुंबं डोंबिवली, बोरिवली, मुलुंडकडे सरकली. रोजाच्या भाड्याच्या लायब्रऱ्या यात मिटत गेल्या. गाळ्याचं भाडं पुस्तकाच्या भाड्यातून निघेना. त्यांचा साठा रद्दीत गेला किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलसारख्या जुन्या पुस्तकांच्या ठिकाणी आला.

2016च्या डिसेंबरात एका मोठ्या ई-पुस्तक दुकानात मराठीची सोय झाली, पुढच्या वर्षी ध्वनिपुस्तकांचं एक परदेशी अ‍ॅप मराठीसह भारतात आलं. तिथे एका पुस्तकाला हवे तितके प्रकार जोडता येतात, त्यामुळे कपाटाचा वाद संपायला हवा होता. तो आता नावाच्या लेखनावर येऊन थांबला आहे. ‘नारायण धारप’, ‘ना. धारप’, ‘धारप नारायण’ या तीन नोंदी यंत्राला तीन लेखक वाटू शकतात. ‘अॅ’ सारखं अक्षर एकसंध टाइप केलं की जोडून, यावरही शोध चुकतो, आणि जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली सूची युनिकोडमध्ये न बदलता चढवली तर त्यातलं एकही नाव सापडत नाही. ध्वनिपुस्तकांत लेखकाखाली अभिवाचकाचंही नाव असतं, आणि ऐकणारे आता त्या नावावरूनही पुढचं पुस्तक निवडतात.