तुरटी नेमकी किती?

गढूळ पाणी स्थिर ठेवलं की वाळू काही क्षणांत तळाला बसते. मातीचे बारीक कण मात्र तरंगतच राहतात. १ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) कण अगदी शांत पाण्यातही १ मीटर खाली यायला बारा-तेरा दिवस लावतो. शिवाय अशा कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटीतलं धनभारित अ‍ॅल्युमिनियम हा भार नाहीसा करतं. (जलशुद्धीकरण केंद्रातली तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, घरातल्या तुरटीत पोटॅशियमही असतं.)

किती घालायची, हे निव्वळ गढूळपणाच्या आकड्यावरून काढता येत नाही. गढूळपणा दुप्पट झाला म्हणून तुरटी दुप्पट लागत नाही, कारण कण जास्त असले की त्यांच्या टकरीही जास्त होतात. उलट जवळजवळ नितळ पाणीच बरेचदा त्रास देतं. कुजलेल्या पानांचा रंग ज्यात उतरलाय असं पाणी तर मातीच्या पाण्यापेक्षाही जास्त तुरटी खातं.

म्हणून जार टेस्ट. सहा बीकरांत एकेक लिटर कच्चं पाणी घ्यायचं. लिटरमागे १० ग्रॅम तुरटीचं द्रावण केलं की त्याच्या १ मिलिलिटरमधून १० मिलिग्रॅम तुरटी जाते. बीकरांत अनुक्रमे १ ते ६ मिलिलिटर सोडायचं, मिनिटभर वेगाने आणि मग वीसेक मिनिटं अगदी हळू ढवळायचं. पहिल्या बीकरमध्ये काहीच घडत नाही. दुसऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात. तिसऱ्यात कापसासारखे पुंजके तयार होतात आणि त्यांच्यामधलं पाणी स्वच्छ दिसतं; ते पाहताना मला दर वेळी नव्याने आनंद होतो. शेवटच्या बीकरमध्ये कधी कधी पाणी पुन्हा गढूळच राहतं: तुरटी इतकी होते की कणांवर धनभार चढतो आणि ते परत एकमेकांना लोटू लागतात.

अर्धा तास निवळू दिल्यावर वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा आणि हवी तेवढी स्वच्छता देणारी सर्वांत कमी मात्रा निवडायची. समजा ती लिटरला ३० मिलिग्रॅम आली. १ मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे दहा लाख लिटरला १ किलो. म्हणजे रोज एक कोटी लिटर पाण्याला ३०० किलो. लिटरमागे १०० ग्रॅमचं द्रावण असेल तर दिवसाला ३,००० लिटर, तासाला १२५, मिनिटाला २ लिटरांहून किंचित जास्त.

इथेच हिशेब थांबवणं मला धोक्याचं वाटतं. दर १ मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता (खारटपणा नव्हे, तर आम्ल पचवून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद; ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात) खर्च करते. ३० मिलिग्रॅमला साधारण १५. मुळात क्षारता तेवढी नसेल तर पीएच घसरतो, पुंजके नीट धरत नाहीत आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलं राहून थेट नळापर्यंत जाऊ शकतं. अशा वेळी तुरटी वाढवली तर पीएच आणखीच घसरतो. आधी चुना घालावा लागतो.

आणि नदीला लोंढा आला की सकाळचा आकडा दुपारी चालत नाही. बीकर पुन्हा भरावे लागतात.