टांगलेला दिवा तिरका का राहतो

दोन महिन्यांपूर्वी आमच्या डायनिंग टेबलावर बांबूचा दिवा लावला. 40 सेंटिमीटर रुंद, उथळ, पालथ्या सुपलीसारखा, किचनच्या काट्यावर होल्डर-बल्बसकट वजन भरलं 350 ग्रॅम. वायरमनने स्लॅबमधल्या हुकाला वायर बांधली, दिवा सोडला, स्टूलवरून खाली उतरला आणि आम्ही तिघंही मान वर करून बघत राहिलो कारण दिवा सरळ सरळ खिडकीकडे कलला होता. "ताई, वायर नवीन आहे, आठ दिवसांत वजनाने आपोआप सरळ होईल," असं तो म्हणाला आणि ते पटलंही. पण महिना झाला तरी दिवा तसाच, आणि आई रोज जेवायला बसली की म्हणायची, अगं त्या दिव्याचं बघ काहीतरी, माझा घास तिकडेच अडकतो.

मग मी त्याच्या मागेच लागले, आणि त्या एका दिव्यापायी इतकं काही कळत गेलं की ते सगळं इथे लिहिते आहे.

सुरुवात गवंड्याच्या ओळंब्यापासून करू, कारण लटकणाऱ्या वस्तूंबद्दलचं सगळं शास्त्र त्या एका दोरीत आहे. तुम्ही भिंत चढताना पाहिली असेल तर आठवत असेल, दोरीच्या खाली पितळेचा किंवा लोखंडाचा जड गोळा आणि वर दोरीत ओवलेला एक ठोकळा, त्या ठोकळ्याची रुंदी बरोब्बर गोळ्याच्या रुंदीएवढी. गवंडी ठोकळा भिंतीला टेकवतो, गोळा खाली सोडतो, तो हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखल्यासारखा थांबतो आणि मग बघतो. गोळा भिंतीला अगदी निसटता लागला तर भिंत ओळंब्यात, मध्ये फट दिसली तर भिंत वर पुढे आलीय. हे चालतं कारण लटकणारी वस्तू तेव्हाच शांत होते जेव्हा तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचं सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, टांगलेल्या बिंदूच्या नेमका खाली येतो. जरा बाजूला असला तर वजन त्याला परत खाली ओढतं, तो पलीकडे जातो, परत येतो, असं करत करत थांबतो.

म्हणजे दिव्याला सरळ करावं लागतच नाही, तो स्वतःहून सरळ व्हायलाच बसलेला असतो. फक्त दोन गोष्टी हव्यात, एक तर वर जिथे टांगलाय तिथे तो मोकळेपणाने वळू शकला पाहिजे, आणि दुसरी म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य आपण ज्याला दिव्याचा मध्य समजतो तिथेच असला पाहिजे. आमच्या दिव्यात दोन्ही गोष्टी बिघडलेल्या होत्या, म्हणून तर आठ दिवसांचा महिना झाला.

पहिला दोष वायरचा. दिव्याला लावलेली वायर ही तीन तारांची गोल जाड वायर होती, बंडलमधून कापलेली. ती दुकानात कितीतरी महिने वेटोळं होऊन पडलेली असते आणि तो बाक तिच्या अंगात मुरतो, वरच्या पीव्हीसीतही आणि आतल्या तांब्यातही. तुम्ही ती उभी लटकवली तरी ती परत वेटोळं व्हायला बघते. आता तिला सरळ करायला खाली किती वजन आहे? 350 ग्रॅम. तेवढ्याने ती अर्धवट सरळ होते आणि जिथे वायरचा ताठपणा आणि दिव्याचं वजन यांची बरोबरी होते तिथे अडून बसते, मग महिना थांबा नाहीतर वर्षभर, फार फरक पडत नाही. हाच वायरचा तुकडा तीन किलोच्या पितळी दिव्याला लावला असता तर निमूट सरळ झाला असता. त्यामुळे वायरमनचा अनुभव खोटा नव्हता, तो जड दिव्यांवरचा होता.

इथे मला आजीचा लामणदिवा आठवला. आमच्या देवघरात पितळी साखळीला टांगलेला असायचा, वर मोर, खाली तेलाची वाटी, आणि तो कधी, म्हणजे कधीच, तिरका पाहिलेला नाही. साखळी ही या कामासाठी अप्रतिम वस्तू आहे कारण तिची प्रत्येक कडी म्हणजे एक मोकळा सांधा असतो. साखळी ओढ घेते पण बाकाला विरोध करत नाही, तुम्ही हातात धरून बघा, तिला वाकवायला काहीच जोर लागत नाही. म्हणून ती स्वतःचा कुठलाही कल दिव्यावर लादू शकत नाही. आणि तेलाच्या दिव्याला हे फारच गरजेचं होतं, कारण दिवा कलला तरी तेलाची पातळी आडवीच राहते, म्हणजे तेल खालच्या बाजूला सरकतं, त्यामुळे ती बाजू आणखी जड होते आणि दिवा आणखी थोडा कलतो, आणि शेवटी वातीच्या चोचीतून तेल थेंब थेंब खाली. विजेच्या दिव्याचा तिरकेपणा नुसता डोळ्याला खुपतो, तेलाच्या दिव्याचा तिरकेपणा जमिनीवर दिसतो, त्यामुळे तांबट लोकांनी हे प्रकरण नीट सोडवलेलं आहे.

तर आम्ही वायरचं ओझं काढून घेतलं. हार्डवेअरच्या दुकानात बारीक स्टीलची दोरी मिळते, ती हुकाला अडकवली, दिव्याच्या वरच्या कडीत ओवली आणि वजन पूर्ण तिच्यावर दिलं, वायर नुसती तिच्याभोवती सैल गुंडाळली. सैल म्हणजे खरंच सैल, चार-पाच सेंटिमीटर जास्तीची, नाहीतर वायर परत ताणली जाते आणि दिव्याला धरते. (हे करताना मेन स्विच बंद करा, फक्त बोर्डावरचं बटण नाही. आणि वजन तसंही वायरवर टाकूच नये, ओढ बसून बसून होल्डरमधला स्क्रू सैल होतो आणि तार निसटते. पीओपीच्या सीलिंगमध्ये हूक लावायचा असेल तर तो वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने पक्का झाला पाहिजे, पीओपी हे वजन पेलायला नसतं.)

दिवा बराच सुधारला पण पूर्ण सरळ झाला नाही. एक कड दुसरीपेक्षा साधारण सव्वा इंच खालीच राहिली.

आता कसं ओळखायचं की दोष कुणाचा? याला एक फार सोपी युक्ती आहे आणि मला ती सुचली तेव्हा खूप आनंद झाला. दिवा जागच्या जागी अर्धा फिरवा, म्हणजे खिडकीकडची कड स्वयंपाकघराकडे आणा, आणि हात सोडा. कल जर दिव्याबरोबर फिरला, म्हणजे जी कड खाली होती तीच आता स्वयंपाकघराकडे खाली आली, तर दोष दिव्यात आहे. कल जर तसाच खिडकीकडेच राहिला तर दोष दिव्याच्या बाहेर आहे, वर हुकापाशी काहीतरी अडतंय किंवा पंख्याचा वारा ढकलतोय. आमचा कल दिव्याबरोबर फिरला. मग शेड खाली उतरवून पाहिला तर विणलेल्या बांबूच्या पट्ट्यांची सगळी टोकं एकाच बाजूला आणून आत दुमडलेली, तिथे थर दुप्पट, त्यामुळे ती बाजू जड.

आता थोडं गणित करू, त्याच्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. समजा जड बाजूमुळे गुरुत्वमध्य मध्यापासून फक्त 5 मिलिमीटर सरकलाय. आणि दिव्याची वरची कडी गुरुत्वमध्यापासून 6 सेंटिमीटर वर आहे, कारण शेड उथळ आहे. दिवा शांत होतो तेव्हा गुरुत्वमध्य कडीच्या खाली आलेला असतो, म्हणजे 60 मिलिमीटर उंचीला 5 मिलिमीटरचा कल, जवळजवळ 5 अंश. 40 सेंटिमीटर रुंदीच्या शेडला 5 अंश म्हणजे दोन कडांमध्ये 33 मिलिमीटरचा फरक. हाच आमचा सव्वा इंच!

यात दोरीची लांबी कुठेच आली नाही हे बघा. बहुतेक जण म्हणतात, अजून थोडा खाली सोडा म्हणजे सरळ होईल, मीही आधी तेच धरून चालले होते. पण दोरी एक मीटर असो की तीन मीटर, दिवा वळतो तो स्वतःच्या कडीपाशी, त्यामुळे हिशोब फक्त कडी ते गुरुत्वमध्य एवढ्या अंतराचा. कडीच्या जागी शेडला घट्ट बसवलेला 20 सेंटिमीटरचा दांडा लावला आणि दांड्याच्या वरच्या टोकाला दोरी बांधली तर तेच अंतर 6 चं 26 होतं आणि कल 5 अंशावरून सव्वा अंशाच्याही खाली येतो. लामणदिव्यात वाटी खाली आणि मोर, कडी वगैरे वर असा उंच सांगाडा असतो त्याचा हाही एक फायदा, वाटी थोडी एका बाजूला जड झाली तरी कल जाणवत नाही. छताच्या पंख्याचं तर आणखीच छान असतं, मोटर आणि दांडा मिळून एकच ताठ वस्तू आणि ती वळते थेट वर हुकापाशी, तिथे रबर असतं. म्हणून पंख्याचा दांडा सहसा ओळंब्यात असतो, आणि नसेल तर बहुतेक वेळा छताजवळची, हूक झाकणारी वाटी एका बाजूने दांड्याला टेकलेली असते, ती सैल करून जरा खाली सरकवली की झालं.

उथळ, पसरट शेड म्हणूनच जास्त छळतात. दिसायला फार सुंदर, पण कडी आणि गुरुत्वमध्य इतके जवळ की चिमूटभर फरकाने कलतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाचंही तेच, कागद-काड्यांचं वजन अगदी थोडं, मग बल्बची वायर एका बाजूने आत घेतली की कंदील तिकडे झुकलाच. वायर वरून बरोब्बर मधून सोडायची, आणि बल्ब जरा खाली लोंबू द्यायचा.

आमच्या दिव्याला दांडा लावायचा नव्हता म्हणून मी दुसरा रस्ता धरला. 350 ग्रॅम गुणिले 5 मिलिमीटर म्हणजे 1750, हे जड बाजूचं पारडं. हलक्या बाजूची कड मध्यापासून 200 मिलिमीटरवर, म्हणजे तिथे साधारण पावणेनऊ ग्रॅम ठेवले की तोल झाला. आणि पाच रुपयांचं जुनं जाड नाणं, ते तांबं-निकेलवालं, बरोबर 9 ग्रॅमचं असतं! आईच्या डबीत दोन सापडली. एक आतल्या बाजूने कडेला टेपने चिकटवलं, हात काढला, दिवा हळूहळू डोलत डोलत आडवा झाला आणि तसाच राहिला. अगदी त्या क्षणी आई चहा घेऊन आली होती, ती काही बोलली नाही, पण टेबलाच्या चारही बाजूंनी फिरून बघितलं तिने.

उतरत्या छताचा प्रश्न जरा वेगळा. कोकणात मामाच्या घरी आता कौलांच्या जागी उतरता स्लॅब आहे, तिथे दांड्याचा दिवा लावला तर त्याची वरची पट्टी स्लॅबला चपटी बसते आणि दांडा स्लॅबला काटकोनात निघतो, म्हणजे स्लॅबचा उतार 25 अंश असेल तर दिवाही 25 अंश तिरका. इथे वजन वाढवून काही होत नाही कारण वर सांधाच नाही. हूक आणि कडी हवी किंवा गोळीसारखा सगळीकडे फिरणारा सांधा हवा, आणि वरची झाकणवाटी एवढी रुंद हवी की दांडा तिच्या काठाला टेकणार नाही. जुन्या घरात वाशाला आकडा ठोकून कंदील अडकवायचे, त्या आकड्याला उताराशी काही देणंघेणंच नव्हतं.

आता एक गोष्ट जी वाचून मी अक्षरशः थक्क झाले. आपण ओळंब्याला सरळ म्हणतो, पण ओळंबा तरी कुठे बघतो? पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे पुण्यातला ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे नेमका बघत नाही, साधारण 7 कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे एका अंशाच्या जवळपास नवव्या भागाने बाजूला बघतो. शिवाय शेजारी मोठा डोंगर असेल तर तोही ओळंब्याला स्वतःकडे ओढतो. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी चालली होती तेव्हा मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेचं कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं आणि ताऱ्यांवरून काढलं तर दोन उत्तरांत 5 विकलांपेक्षा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) थोडा जास्त फरक आला. ताऱ्यांच्या मोजणीत ओळंबा लागतो, आणि उत्तरेतला ओळंबा हिमालयाकडे ओढला जात होता. गणितज्ञ जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वजन अंदाजून हिशोब केला तर फरक यायला हवा होता जवळजवळ 16 विकला! म्हणजे हिमालय दिसतो त्यापेक्षा कमी ओढत होता. 1855 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, लाकूड पाण्यात तरंगतं तसे ते तरंगतात. पर्वत तरंगतात ही कल्पना ओळंब्याच्या 5 विकलांतून पुढे आली, आणि एक मीटरच्या दोरीला 5 विकला म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकणं. आपल्या दिव्याला यातलं काही जाणवणार नाही, पण दिव्याकडे बघताना मला आता ते आठवतंच.

आणि आमच्या दिव्याचं अजून थोडं शिल्लक होतं. नाणं लावल्यावर दिवा टेबलावरून सरळ दिसायचा, पण स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं की दोरी परत डावीकडे झुकलेली वाटायची. मी शेजारी दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा सोडला, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर, एका केसाचाही फरक नाही. म्हणजे दिवा सरळ होता आणि डोळा चुकत होता. आपल्याला उभं-आडवं कळतं ते कानाच्या आतल्या बारीक खड्यांवरून, आणि तितकंच समोर दिसणाऱ्या चौकटींवरून. 1948 मध्ये विटकिन आणि अॅश या मानसशास्त्रज्ञांनी अंधाऱ्या खोलीत एक चमकणारी चौकट तिरकी ठेवली आणि लोकांना तिच्यातली काठी उभी करायला सांगितली, तर बहुतेकांनी काठी चौकटीच्या कलाकडे झुकवली आणि त्यांना ती सरळच वाटली.

दारातून बघताना दिव्याच्या दोरीमागे आमचं काचेचं कपाट येतं. किल्लीचा ओळंबा त्याच्या कडेला लावला तर कपाट वर उजवीकडे दीड सेंटिमीटर झुकलेलं निघालं, फरशीला तिथे उतार आहे. कपाटाच्या उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, परत दारात जाऊन उभी राहिले, आणि दिव्याला हातही न लावता दिवा सरळ दिसत होता.