दोरीचा शॅकल

शिडाच्या लहान होडीवर शीड, दोर आणि कप्पी एकमेकांना जोडणारा, दोरीचाच केलेला आणि हाताने उघडता-मिटता येणारा फास. एका टोकाला गाठीची गुंडी, दुसऱ्या टोकाला तिच्यावर आवळणारे काज. बंडीच्या कापडी गुंडीचीच ही तऱ्हा. पोलादी शॅकलची खीळ खाऱ्या हवेत अडकून बसते, हातातून निसटली तर थेट तळ गाठते. फडफडणाऱ्या जिबच्या, म्हणजे पुढच्या शिडाच्या, कोपऱ्यावरचा पोलादी शॅकल कपाळावर बसला तर टाकेच. दोरीचा मात्र पाण्यावर तरंगतो.

यासाठी डायनीमा या कृत्रिम धाग्याची बारा पदरी, पोकळ विणीची दोरी लागते. घनता सुमारे ०.९७, म्हणजे पाण्याहून हलकी, पण भलतीच निसरडी. कोकणातल्या हाताला काथ्याची सवय. काथ्या खरखरीत, साधी गाठही धरून ठेवतो. डायनीमात तीच गाठ ताण येताच सरकते. नायलॉन वापरणारा टोक जाळायला लायटर शोधतो, तोही इथे नको : हा धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून नव्या पात्याने कापावे.

५ मिमी दोरीचा साधारण सव्वा मीटर तुकडा दुमडून, दुमडीशी काजापुरती जागा सोडून, एक पदर दुसऱ्याच्या पोकळीतून ओवतात. ओवायला दुहेरी वाकवलेली बारीक तार पुरते. बाहेरची वीण सुरवंटासारखी गोळा केली की काज मोठे होते; धार काढावी तशी काजाकडे ओढत नेली की आवळते. दोन्ही शेपट्या एकमेकींत गुंफून केलेली गोल गाठ, डायमंड नॉट, म्हणजे गुंडी. खरे काम इथेच आहे. हाताने ओढून ती बसत नाही. खांबाला अडकवून कप्पीने ताणावी, पदर एकेक करून घट्ट करावे, मग पुन्हा ताणावे. शेपट्या तोकड्या कापल्या तर भाराखाली त्या गाठीत ओढल्या जातात. त्या परत अंगातच ओवलेल्या बऱ्या. भार दुहेरी पदरांवर येत असल्याने नीट बांधलेला शॅकल एकेरी दोरीपेक्षा जास्त ओढ सोसतो.

ढिला पडून सतत हलला तर काज उघडू शकते, म्हणून काजाच्या मानेला दोन टाके घालतात. कायम ताणाखाली डायनीमा हळूहळू लांबतो, तेव्हा डोलकाठीच्या कायमच्या ताणदोऱ्यांना तो घालताना जपून. मीठ आणि वाळू विणीत शिरून आतून घासतात. गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की सगळे शॅकल काढून ठेवावेत. वरवरची लव फारशी घातक नसते. तुटलेला पदर, उन्हाने कडक झालेली वीण किंवा आखडलेली शेपटी दिसली, की तो होडीवरून उतरवून सामान बांधायला वापरावा.