परवाना सोडला तरी न सुटणारी सही : अमेरिकेतील स्थावर मूल्यांकनकारांच्या दायित्वाची पार्श्वभूमी

अमेरिकेत घरांचे आणि इमारतींचे मूल्य ठरवून देणारा मूल्यांकनकार व्यवसायातून बाहेर पडतो, तेव्हा बहुधा तीन गोष्टी एकदमच थांबवतो : परवान्याचे नूतनीकरण, कार्यालयाचे भाडे आणि व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता. पहिल्या दोन थांबवल्याने फारसे बिघडत नाही. तिसरी मात्र महागात पडू शकते, कारण त्याने सही केलेला अहवाल कर्जाच्या फाइलमध्ये तसाच राहतो आणि ते कर्ज तीस वर्षांचेही असू शकते. ही जोखीम इतकी लांब का पसरली, हे समजण्यासाठी कायदा, विमा आणि दप्तर या तिन्हींच्या मुदती वेगवेगळ्या काळात व वेगवेगळ्या कारणांनी कशा ठरल्या, ते पाहावे लागते. त्या एकमेकींशी जुळाव्यात, असा विचार त्या ठरवताना झालेला दिसत नाही.

मूल्यांकनकारांची पहिली मोठी व्यावसायिक संस्था 1932 मध्ये, महामंदीच्या ऐन भरात स्थापन झाली, आणि 1934 मध्ये केंद्र सरकारने गृहकर्जांना विमा द्यायला सुरुवात केल्यावर या कामाला नियमित मागणी आली. त्या काळी अहवाल मागवणाऱ्याखेरीज इतर कोणाला मूल्यांकनकारावर दावा लावणे अवघड होते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1931 मध्ये अल्ट्रामेअर्स खटल्यात, न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या निकालपत्रातून, अनिश्चित रकमेचे, अनिश्चित काळाचे आणि अनिश्चित लोकांप्रतीचे दायित्व व्यावसायिकाच्या डोक्यावर टाकण्यास नकार दिला होता. तो खटला हिशेब तपासनिसांचा असला, तरी त्यातील तर्क इतर व्यवसायांनाही आधार देत राहिला. पुढे ही भिंत झिजत गेली. अपकृत्य कायद्याचे (करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान केल्याबद्दल भरपाई ठरवणाऱ्या कायद्याचे) 1977 मधील प्रमाण संकलन चुकीची माहिती पुरवणाऱ्याची जबाबदारी ज्यांच्या उपयोगासाठी ती दिली गेली अशा मर्यादित गटापर्यंत नेते, आणि अनेक राज्यांच्या न्यायालयांनी हीच दिशा स्वीकारली. त्यामुळे अहवाल बँकेने मागवलेला असूनही काही राज्यांत घर घेणारा वादी होऊ शकतो. शिवाय दाव्याची मुदत अहवालाच्या तारखेपासून नव्हे, तर चूक लक्षात आली किंवा यायला हवी होती त्या दिवसापासून मोजण्याचा नियमही अनेक ठिकाणी लागू होतो. असे झाले की निवृत्तीच्या दिवशी या मुदतीची सुरुवातच झालेली नसते.

खरी उलथापालथ 1980 च्या दशकातील बचत-कर्ज संस्थांच्या संकटाने केली. 1986 ते 1995 या काळात अशा 1,043 संस्था बुडाल्या. फुगवलेली मूल्यांकने हे त्यामागचे एक कारण असल्याचे प्रतिनिधिगृहाच्या समितीने 1986 च्या अहवालात मांडले होते. तोवर बहुतेक राज्यांत मूल्यांकनासाठी परवाना सक्तीचा नव्हता. ऑगस्ट 1989 मध्ये ‘फिरिया’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि केंद्राशी संबंधित कर्जव्यवहारांसाठी राज्यांचा परवाना किंवा प्रमाणपत्र तसेच एकसमान मानके आवश्यक ठरली. परवान्याची एवढी चर्चा झाली, की याच कायद्याने लांबवलेल्या मुदतींकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. बँकांना फसवण्यासारख्या ठरावीक गुन्ह्यांबद्दल दिवाणी दंड मागण्यास सरकारला दहा वर्षे मिळाली. बुडालेल्या बँकेचा ताबा घेणाऱ्या केंद्रीय ठेव विमा महामंडळाला करारभंगासाठी किमान सहा आणि निष्काळजीपणासाठी किमान तीन वर्षे मिळाली. तीही, मूळ मुदत आधीच संपली नसेल तर, ताबा घेतल्याच्या दिवसापासून मोजायची. 2008 नंतर बँका कोसळू लागल्या (एकट्या 2010 मध्ये 157), तेव्हा तेजीच्या काळातील जुन्या अहवालांवर दावे लागले, त्यामागे ही तरतूद होती.

विम्याची गोष्ट निराळी. पूर्वीच्या पॉलिसीत चूक घडली त्या वर्षीचा विमा कामी येई, दावा कधीही येवो. दशकभराने येणाऱ्या दाव्यांचा अंदाज बांधता येईना, म्हणून 1970 च्या दशकाच्या मध्यात विमा कंपन्यांनी आधी डॉक्टरांच्या विम्यात ‘क्लेम्स-मेड’ पद्धत आणली : दावा ज्या वर्षी येईल, त्या वर्षी पॉलिसी चालू असली पाहिजे. मूल्यांकनकारांच्या ‘एरर्स अँड ओमिशन्स’ पॉलिसीही, म्हणजे कामातील चुका व त्रुटींसाठीचा व्यावसायिक दायित्व विमाही, आज प्रामुख्याने याच घडणीच्या आहेत. समजा, अहवाल 2019 चा आहे, हप्ता 2021 मध्ये थांबवला आणि नोटीस 2023 मध्ये आली. तर 2019 मध्ये पूर्ण हप्ता भरलेला असूनही वकिलाचा खर्च खिशातूनच करावा लागतो. वर्षानुवर्षे इमाने हप्ते भरलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण करार तसाच लिहिलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे ‘टेल कव्हर’, अर्थात पॉलिसी संपल्यानंतर दावा कळवण्यासाठी विकत घेतलेली वाढीव मुदत. ती एक, तीन, पाच वर्षांची असते, कधी अमर्यादही असते. तिचे मोल बहुधा शेवटच्या हप्त्याच्या पटीत ठरते. काही कंपन्या निवृत्ती, अपंगत्व किंवा मृत्यू या प्रसंगी अटींवर ती मोफत देतात. मात्र ती मागण्याची संधी पॉलिसी संपल्यानंतर थोडेच दिवस असते. पॉलिसी संपण्याआधी शंकास्पद प्रकरण माहीत असेल, तर ते तेव्हाच लेखी कळवणे श्रेयस्कर, कारण आधीच माहीत असलेली बाब टेल कव्हरमधून वगळली जाऊ शकते.

राहिले दप्तर. व्यवसायाच्या मानकांनुसार कामाची फाइल किमान पाच वर्षे जपावी लागते. त्या कामाबद्दल न्यायालयात साक्ष दिली असल्यास प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतर दोन वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल ती. फाइल म्हणजे मोजमापांचा हाताने काढलेला नकाशा, तुलनेसाठी घेतलेल्या विक्रींच्या नोंदी, घराची छायाचित्रे, कर्जदात्याशी झालेला पत्रव्यवहार. सहाव्या वर्षी दावा आला, तर त्या वेळी तो विशिष्ट भाव का धरला, हे सांगणारा पुरावा एवढाच असतो. तो नियमाप्रमाणे नष्ट केलेला असला, तरी बचाव लंगडाच पडतो. दुसऱ्याच्या फर्ममध्ये नोकरी केलेल्यांची अडचण आणखी वेगळी असते, कारण फाइल फर्मच्या कपाटात आणि सही मात्र त्यांची. मानके अशा वेळी फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी ती मिळण्याची व्यवस्था करायला सांगतात, आणि ती लेखी करून घेण्याची सोयीची वेळ फर्म सोडण्याआधीची असते.